गुळाचं पाणी पाजल्यावर झाड पिवळं पडतंय? आधी हे तपासा

विदर्भात वरुडकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधण्यात, म्हणजे कलमं करण्यात, माझी वीस-बावीस वर्षं गेली. रोप घ्यायला येणारा माणूस जाता जाता एखाद्या आजारी झाडाचं गाऱ्हाणं सांगतोच. अलीकडे त्यातलं एक फारच ओळखीचं झालंय. झाडाला ताकद यावी म्हणून गूळ घातला, कुणी ताक, कुणी बेसन, कुणी चहाचा चोथा, आणि झाड सुधारायचं सोडून पिवळं पडलं. कुंडीतल्या गुलाबापासून पाच एकरांच्या संत्रा बगीच्यापर्यंत हे दुखणं इतक्यांदा पाहिलंय की कुठून सुरुवात करायची ते आता पाठ झालंय.

लक्षणं

गोड पाणी दिल्यावर आठ-दहा दिवसांत खालची जुनी पानं फिकी पडतात आणि सगळं पान सारखंच पिवळं होतं. वरचा शेंडा मात्र अजून हिरवा असतो. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं. बुंध्याभोवतीच्या आळ्याजवळ वाकलं की आंबूस, शिळ्या ताकासारखा वास येतो. मातीवर पांढरं जाळं दिसतं, मुंग्यांची रांग लागते, कुंडी असेल तर चिलटं उडतात. ठिबकवरून दिलं असेल तर ओळीच्या शेवटच्या झाडांना पाणीच पोचत नाही.

दोन लक्षणं या दुखण्यातली नाहीत, ती आधीच बाजूला काढतो. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ती लोहाची किंवा जस्ताची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती गुळाशिवायही होते. आणि खोडातून डिंक गळत असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

१. हात थांबवा आणि आठवा

याला पैसा लागत नाही, पण लोकांना जड जातं ते हेच. झाड पिवळं दिसलं की माणूस आणखी काहीतरी घालतो. मी आधी एवढंच विचारतो: काय घातलं, किती घातलं, कितीदा घातलं?

आमच्या शेजारच्या काकूंचं कागदी लिंबाचं झाड आहे, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात लावलेलं. एकदा हाक मारून म्हणाल्या, "भाऊ, हे लिंबू काहून वाळून राह्यलं पाहा बरं. मी तं त्याले एक दिवसाआड गुळाचं पाणी देऊन राह्यली."

"किती गूळ टाकता काकू?"

"मुठीभर. कमजोरी आली होती ना त्याले. माणसाले नाही का सलाइनमधून ग्लुकोज लावत? मंग झाडाले काहून नाही?"

मला वाटतं, गावात चालणाऱ्या निम्म्या नुसख्यांच्या मुळाशी हा सलाइनचाच हिशोब आहे. आणि तो चुकीचा आहे हे एका वाक्यात पटत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

झाडाचा स्वयंपाक पानात होतो. ऊन, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर चढवलेलं पाणी यांतून पान साखर करतं, आणि ती साखर वरून खाली मुळांकडे उतरते. एवढंच नाही, मुळं त्यातली काही साखर स्वतःहून मातीत सोडतात, भोवतालचे जिवाणू पोसले जावेत म्हणून. ज्या घरातून दिवसभर पंगत उठते, त्या घराच्या मागच्या दाराशी आपण मूठभर गूळ नेऊन ठेवतो. झाडाला जमिनीतून हवं असतं ते पाणी आणि क्षार: नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम, लोह, जस्त. जर्मनीतल्या लिबिग या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये हेच ठासून मांडलं होतं. त्याआधी झाडं जमिनीतलं काळं सेंद्रिय द्रव्यच खातात, असं भले भले मानत.

मग मुळं साखर शोषतच नाहीत का? शोषतात, थोडी. मुळांच्या पेशींवर साखर आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. अमिनो आम्लंही मुळं थोडीफार जशीच्या तशी घेतात, युरियाचा रेणूही घेतात. आपल्याकडे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बियाणं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लावून येतं. ते औषध मुळांवाटेच वर चढतं आणि पानातल्या तुडतुड्याला मारतं. तेव्हा 'सेंद्रिय रेणू मुळातून जातच नाही' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तेही खरं नाही.

केळीची टिश्यू कल्चरची रोपं आठवा. बाटलीतल्या त्या कोंबाला लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर दिलेली असते आणि तो त्या साखरेवरच वाढतो. कारण बाटली निर्जंतुक असते, वाटेकरी कुणी नसतो. उलट आपल्या वावरातल्या चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू बसलेले असतात. थोडी साखर पडली तर ती काही तासांत फस्त होते आणि झाडाच्या वाट्याला नावापुरती येते. त्याच बाटलीतल्या कोंबाच्या भांड्यात चुकून एक जिवाणू शिरला की दोन-तीन दिवसांत सगळं गढूळ होऊन फेकून द्यावं लागतं. साखर मिळाली की कोण आधी वाढतं, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

जिवाणूंनी साखर खाल्ली तर बिघडलं काय, हा पुढचा प्रश्न. साखरेत नत्र नसतं. जिवाणूला अंग वाढवायला नत्र लागतं, ते तो मातीतून उचलतो. ढोबळ हिशोब मांडला तर एक किलो गूळ पचवताना जिवाणू साधारण ४० ग्रॅम युरियात असतं तेवढं नत्र स्वतःच्या अंगात अडकवून ठेवतात. काकूंच्या ड्रमात आठवड्याला पावशेरभर गूळ जात होता, म्हणजे दर आठवड्याला दहा ग्रॅम युरियाइतकं नत्र बंद. एका ड्रमातल्या मातीत असतं तरी किती? खालची पानं पिवळी पडणारच. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो.

समाधान एवढंच की हे नत्र कुठे पळून जात नाही. साखर संपली की जिवाणू मरतात, आणि काही आठवड्यांत ते परत मोकळं होतं. म्हणूनच पहिला उपाय हात थांबवणं.

२. माती हातात घ्या, नाकाशी न्या

आळ्यात चार-सहा इंच उकरा आणि मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटाला चिकटत असेल तर वाफसा नाही, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, हवा खेळती अशी नाही. वास मातीचा यायला हवा, आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा नाही.

साखर खाताना जिवाणू मातीतली हवा झपाट्याने वापरतात, म्हणून हे बघायचं. आपली काळी माती भिजली की फुगते आणि तिची छिद्रं मिटतात, हवा आधीच कमी. त्यात गूळ, त्यावर रोजचं पाणी. मग मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढत नाही. ओल्या मातीतलं झाड दुपारी मान टाकतं ते यामुळे. माणसाला वाटतं तहान लागली, तो आणखी पाणी देतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तरी याच फेऱ्यात अडकलेले असतात.

पाणी बंद. वरची इंचभर माती खुरप्याने हलकी करा, पेंढा किंवा पाचट घातलं असेल तर काही दिवस बाजूला सारा. कुंडी असेल तर बुडाचं भोक बघा. काकूंच्या ड्रमाचं भोक मुळांनी पार बुजवलं होतं. सळई घालून मोकळं केलं तेव्हा काळं पाणी भळाभळा आलं, आणि त्याच्या वासाने काकूच चार पावलं मागे सरकल्या. आठ-दहा दिवसांत वाफसा आला की बरीचशी झाडं इथेच सावरतात.

३. गुळाचं पाणी किती घट्ट होतं?

काही लोक पातळ पाणी देत नाहीत, काकवीसारखं घट्ट ओततात. आवळ्याचा मुरंबा घालताना साखर आवळ्यातलं पाणी बाहेर खेचते ना, तसंच मुळाचं होतं. लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास साखर झाली की पाण्याला मुळाकडे यायला जो अडसर होतो, तो झाड कायमचं कोमेजण्याच्या सीमेवरच्या कोरड्या जमिनीइतका असतो. असं ओतलं असेल आणि एक-दोन दिवसच झाले असतील, तर हा एकच प्रसंग आहे जिथे मी भरपूर साधं पाणी द्या म्हणतो, तेही निचरा होत असेल तर. आठवडा उलटला असेल तर उपयोग नाही, साखर तोवर खाऊन झालेली असते.

४. मुंग्या कशावर आल्यात?

पान उलटून बघा. मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर मुंग्या त्यांच्या चिकट गोडासाठी आल्यात, गुळासाठी नाही. पिवळेपणाही रसशोषक किडीचा असू शकतो. कुंडीवर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, बगीच्यात निंबोळी अर्क.

५. ठिबक

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचं आंबवण, न गाळता व्हेंच्युरीतून (ठिबकमध्ये खत ओढून घेणाऱ्या नळीतून) सोडलं की बेसनाचा आणि शेणाचा बारीक चोथा ड्रिपरमध्ये बसतो, आणि गुळावर वाढलेली जिवाणूंची बुळबुळीत साय नळीला आतून धरते. ओळीचा पहिला आणि शेवटचा ड्रिपर घ्या, दोन्हींखाली सारखे दोन ग्लास ठेवा, दहा मिनिटांनी पाणी बघा. शेवटच्यात अर्धंही नसेल तर झाड गुळाने नाही, तहानेने पिवळं पडलंय.

लॅटरलची, म्हणजे ड्रिपर असलेल्या नळीची, शेवटची टोपी उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या, फिल्टर धुवा. एवढ्याने भागलं नाही तर आम्लाची प्रक्रिया लागते. ती पहिल्यांदा जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ द्यायची नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

६. एका फांदीची परीक्षा

वाफसा आला, कीड नाही, पाणी बरोबर, तरी खालची पानं पिवळीच. आता नत्राचीच कमतरता आहे का ते दोन रुपयांत कळतं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम युरिया विरघळवा आणि सायंकाळी फक्त एका फांदीवर फवारा. त्या फांदीला खूणचिठ्ठी बांधा. आठवडाभरात ती शेजारच्या फांदीपेक्षा हिरवी दिसली तर निदान पक्कं.

एकाच फांदीवर का? युरियात बाययुरेट नावाचा अंश असतो, तो लिंबूवर्गीय पानांना सोसत नाही, पानांची टोकं पिवळी पडतात. पूर्ण बगीचा फवारायचा असेल तर कमी बाययुरेटचा युरिया बघून घ्यावा लागतो. निदान झाल्यावर जमिनीतून चांगलं कुजलेलं शेणखत आणि शिफारशीइतकं नत्र, विभागून. 'चांगलं कुजलेलं' यावर माझा जोर आहे. कच्चं शेण, भुसा, तुराट्यांचा चुरा मातीत गाडला तर तोही गुळासारखाच नत्र अडकवतो, फक्त सावकाश आणि जास्त दिवस.

मग जीवामृताचं काय?

हा प्रश्न येणारच. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, धुऱ्यावरची (बांधावरची) मूठभर माती, आणि हे एका एकराला. दोन किलो गूळ एकरभर पसरला तर त्याने अडकणारं नत्र ८० ग्रॅम युरियाइतकं. एवढ्याने एकराचं काही बिघडत नाही आणि एवढ्याने एकराचं पोटही भरत नाही. तिथला गूळ ड्रममधल्या जिवाणूंचा खुराक आहे आणि बेसनातून त्यांना नत्रही मिळतं. दुधाला विरजण लावावं तसं ते काम. घोटाळा होतो तो एकराचा ड्रम घरामागच्या सहा झाडांना ओतला की. किंवा बेसन महाग म्हणून वगळलं आणि गूळ दुप्पट केला की. संत्र्याच्या आंबिया बहाराचं (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचं) पाणी सुरू करताना हे करणारे मला दरवर्षी भेटतात.

बाकीचं थोडक्यात. अंड्याची टरफलं म्हणजे चुना, आणि आपल्या जमिनीत चुना आधीच उतू जातोय. सामू (पीएच) आठच्या वर असलेल्या मातीत टरफल वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. दूध-ताक मातीत ओतून वास येतो आणि कुत्री आळं उकरतात. चहाचा चोथा बिनसाखरेचा, धुतलेला, कंपोस्टमध्ये चालतो. केळीच्या साली भिजवलेल्या पाण्यात थोडं पालाश उतरतं, पण आपल्या काळ्या जमिनीत त्याची चणचण सहसा नसते.

गुळाचं शेतीतलं एक काम मला मनापासून पटतं: बीजप्रक्रियेतला डिंक म्हणून. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून, पूर्ण थंड करून, त्यात रायझोबियम हे नत्र पकडणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक कालवून तुरीच्या, सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं. थंड केल्याशिवाय कालवलं तर संवर्धक उकडून मरतं, आणि पाकीट फुकट जातं.

७. माती परीक्षण

आठ-दहा झाडांना तेच दुखणं असेल तर अंदाज पुरे झाले. आळ्यात, ठिबकच्या ओलीच्या कडेला, कुदळीने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा आणि बाजूची माती वरून खालपर्यंत सारखी तासून घ्या. फळझाडांसाठी पहिल्या फुटाची आणि दुसऱ्या फुटाची माती वेगवेगळी. सात-आठ झाडांची एकत्र करून चार वाटे पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. नुकतंच खत किंवा गूळ पडलेल्या जागेची माती घेऊ नका. चाचणीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांच्यासोबत मुक्त चुना, लोह आणि जस्त मागून घ्या.

अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले असाल तर विहिरीचं पाणीही तपासा. तिथे पानांची टोकं करपतात ती बहुतेकदा पाण्यातल्या क्षारांनी, आणि गूळ बंद करून त्यात काडीचा फरक पडत नाही.

८. मुळं उघडी करा, आणि इथे थांबा

खोडापासून दोन-अडीच फुटांवर हलक्या हाताने खणून पेन्सिलीपेक्षा बारीक मुळं बघा. पांढरी किंवा पिवळसर आणि कडक असतील तर झाड वाचतंय, वर सांगितलेलं करत राहा. तपकिरी, मऊ असतील तर एक मूळ चिमटीत धरून ओढा. काकूंच्या लिंबाचं ओढलं तर साल मोज्यासारखी बोटात निघून आली आणि आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा राहिला. ही मूळकूज. तीन-चारच मुळं तशी होती म्हणून सडकी कापली, ड्रम बदलला, आणि झाड वाचलं. बगीच्यात असं दिसलं तर पुढचं तुमचं-माझं काम नाही.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर स्वतः काही ओतू नका: खोडातून डिंक, बुंध्याची साल मऊ होऊन आंबूस वास, बहुतेक बारीक मुळांची साल निघणं, किंवा एका ओळीत, एका खोलगट भागात झाडामागून झाड वाळणं. हा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचा प्रकार असू शकतो. पाण्याबरोबर तो एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जातो. दुकानदाराने दिलेली तीन बुरशीनाशकं एकत्र ओतून झाड वाचलेलं मी पाहिलेलं नाही, बिल मात्र पाहिलंय. तज्ज्ञ येईपर्यंत एवढंच करा: बुंध्याला पाणी लागू देऊ नका. खोडाभोवती मातीचा उंचवटा आणि त्याबाहेर दुसरं गोल आळं, असं दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडा.

जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जा, किंवा संत्रा-मोसंबी-लिंबू असेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत. नुसता मोबाइलवरचा फोटो नेऊ नका. आजारी झाडाच्या आळ्यातली किलोभर ओलसर माती आणि तिच्यातलीच बारीक मुळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, शेजारच्या निरोगी झाडाची दुसऱ्या पिशवीत, दोन्हींवर नाव घाला. पूर्ण मेलेल्या झाडाची मुळं नेऊन फायदा नसतो, त्यावर दुसऱ्याच बुरश्या बसलेल्या असतात. पिशवी गाडीच्या डिक्कीत उन्हात तापू देऊ नका, त्याच दिवशी पोचवा. आणि साहेबांनी विचारलं, काय काय घातलं होतं, तर गुळासकट सगळं खरं सांगा.